रात्री बारा चाळीसला गेलेले दोन मेल

वरूडला माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. रोजचं काम म्हणजे तत्काळची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, शेगाव-पंढरपूरच्या गाड्या. क्रूझचं बुकिंग वर्षातून दोन-तीनदाच येतं. संत्र्याला बरा भाव मिळालेला असला आणि जुलैत पेरण्या आटोपल्या, की काही घरं आठ दिवस निघतात.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. माझी सहा माणसं सिंगापूरला जहाजावर जायची होती. चौघं एका बागायतदाराच्या घरची. उरलेले दोघं म्हणजे झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले आमचे गुरुजी आणि काकू. दुपारी नागपूरहून मुंबई, रात्री मुंबईहून सिंगापूर, शनिवारी सकाळी उतरायचं आणि संध्याकाळी पाचला जहाज सुटणार. क्रूझ धरायची तर आदल्या दिवशी बंदराच्या गावात पोचावं, हे मी नेहमी सांगतो. या वेळी दोन्ही घरांनी हॉटेलची एक रात्र वाचवली आणि मीही जोर धरला नाही.

त्या सकाळी क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीचं एक सदोष अपडेट जगभरातल्या विंडोज कॉम्प्युटरवर गेलं आणि सुमारे ८५ लाख मशीन बसल्या. विमान कंपन्यांचं चेक-इन कोलमडलं. गुरुजींचा नागपूर विमानतळावरून फोन आला, "अरे बावा, इथं तर हातानं तिकीट लिहून देऊन रायले!" पाठोपाठ फोटो आला. निळ्या बॉलपेननं लिहिलेला बोर्डिंग पास, सीटचा आकडा खोडून बाजूला दुसरा, आणि सुटायची वेळ दोनदा खोडलेली. मी म्हटलं, गुरुजी, हा कागद जीव गेला तरी फेकू नका.

सहाही जण मुंबईला पोचले तेव्हा सिंगापूरच्या विमानाचा काउंटर बंद झाला होता. पुढच्या जागा शनिवारी रात्रीच्या. म्हणजे जहाज गेलं.

बागायतदार भाऊंनी विचारलं, "थांबत नाही का जी जहाज? सहा माणसं हाओत आपण." जहाज म्हणजे एसटी नाही. प्रवाशांची यादी आधीच बंदराच्या आणि इमिग्रेशनच्या लोकांकडे गेलेली असते, धक्क्यावरची वेळ ठरलेली असते. आमचं चेक-इन दुपारी साडेतीनला बंद होणार होतं, आपल्या घड्याळात एकला. एक वाजल्यानंतर जो आला नाही तो नो-शो, आणि नो-शोचं भाडं परत मिळत नाही.

पण क्रूझवाल्यांच्या मुदती दगडावर कोरलेल्या नसतात, हे मला २०२० पासून माहीत आहे. त्या मार्चमध्ये रॉयल कॅरिबियननं जहाज सुटायच्या ४८ तास आधीपर्यंत रद्द करा आणि पुढच्या सफरीसाठी क्रेडिट घ्या, अशी सवलत काढली होती. एरवी कितीतरी दिवस आधी दंड सुरू होतो. म्हणून रात्री मी आमच्या जहाज कंपनीची साइट उघडून बसलो. सूचना लागली होती. विमानाच्या गोंधळात अडकलेल्यांना पुढची सफर मिळेल, फरकाची रक्कम भरावी लागेल. अटी दोनच: चेक-इन बंद व्हायच्या आत लेखी कळवायचं, आणि ज्या एजंटच्या नावावर बुकिंग आहे त्यानंच कळवायचं.

बारा चाळीसला मी कंपनीला दोन मेल पाठवले, एक भाऊंच्या बुकिंगसाठी, एक गुरुजींच्या. दोन्हीत तोच मजकूर, हातानं लिहिलेल्या पासांचे फोटो, चुकलेल्या विमानाचं तिकीट. सिस्टिमच बंद असल्यानं एअरलाइनचं पत्र मिळायची सोय नव्हती, पण त्या खोडाखोडीच्या कागदांनी काम भागवलं. सकाळी सहा पन्नासला भाऊंच्या मेलला उत्तर आलं. चौघांनाही पुढची सफर. कुणी कर्मचारी असेल तिथं, सिंगापुरात नऊच वाजून गेले होते, तिनं ड्यूटीवर बसल्या बसल्या फाइल उघडली असावी. मला तिचे आभार मानायचे राहून गेले.

गुरुजींच्या मेलला उत्तर होतं, "कृपया आपल्या एजंटमार्फत संपर्क साधावा."

भाऊंचं बुकिंग मी थेट कंपनीकडे केलं होतं. गुरुजींचं नागपूरच्या एका होलसेलरकडून, म्हणजे आमच्यासारख्या एजंटांना बुकिंग विकणाऱ्या घाऊक एजंटकडून, कारण तिथं माणशी चार हजार कमी पडत होते आणि पेन्शनीतल्या माणसाचे आठ हजार वाचतात याचा मला आनंद झाला होता. कंपनीच्या कागदावर गुरुजींचा एजंट मी नव्हतोच. होलसेलरचा इमर्जन्सी नंबर नुसता वाजत राहिला. मेलला उत्तर नाही. भाचा नागपुरात शिकतो, त्याला गाडीवर सीताबर्डीला पाठवलं. त्यानं शटरला लावलेल्या कुलपाचा फोटो पाठवला. दोन रुपये स्वस्त विकायचं आणि शनिवारी फोन उचलायचा नाही, याला धंदा म्हणत नाहीत.

जहाज सोमवारी पेनांगला लागणार होतं. भारतीयांना मलेशियाचा व्हिसा डिसेंबर २०२३ पासून लागत नाही, गुरुजींचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा होता. तिथून चढवता आलं असतं. पण मधल्या बंदरावर चढायची परवानगीही आधी मागावी लागते, आणि ती मागणार कोण? पुन्हा तोच बंद शटरवाला. मी एक वाजेपर्यंत फोन लावत राहिलो.

गुरुजी-काकू अमरावती एक्सप्रेसनं बडनेऱ्याला उतरले. होलसेलरचा मेल सोमवारी आला, विहित नमुन्यात विनंती पाठवा म्हणून.

नो-शो झाला तरी पोर्ट टॅक्स मागता येतो, हे पुष्कळ एजंटांनाही माहीत नसतं. मी भांडून तो काढला. सप्टेंबरमध्ये त्यात माझं कमिशन घालून पाकीट गुरुजींच्या घरी नेलं. काकूंनी चहा ठेवला. गुरुजींनी पैसे मोजले नाहीत. डायरीतून तो निळ्या शाईचा पास काढला, चष्मा पुसला आणि विचारलं,

"भाऊंचा मेल किती वाजता गेला होता?"

"बारा चाळीसला."

"अन् आमचा?"

"बारा चाळीसलाच, गुरुजी."