कोणाच्या हातचा पाव

सकाळी सव्वासहाच्या सुमारास आमच्या इमारतीच्या फाटकापाशी सायकलची घंटी दोनदा वाजते आणि पाववाला आल्याचे मला अंथरुणातच कळते. सायकलच्या मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेला मोठा गठ्ठा असतो. त्यात नरम पावाच्या लाद्या, थोडे कडक ब्रून पाव आणि एका कोपऱ्यात खारीचा पुडा. प्रत्येक दाराच्या कडीला आदल्या रात्रीच एक पिशवी अडकवलेली असते. पिशव्या वेगवेगळ्या, पण त्यात पडणारा पाव एकाच भट्टीचा असतो. तिसऱ्या मजल्यावरचे कच्छी कुटुंब रविवारी त्याची दाबेली करते, समोरच्या मल्याळी बाई तो अंड्याबरोबर खातात, तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ चहात बुडवून खातात, आणि आमच्याकडे तो मटकीच्या उसळीत चुरला जातो.

एखादे शहर बहुरंगी कशाने होते, याचे उत्तर देताना आपण बहुधा मोजदाद करतो : किती भाषा, किती देवळे, मशिदी आणि चर्चे, किती सण. मुंबईपुरते बोलायचे तर ही यादी सहज लांबवता येते, आणि फोर्टातले आर्मेनियन चर्च आणि भायखळ्याचे सिनेगॉग सांगून झाले की ऐकणारा खूशही होतो. पण तऱ्हेतऱ्हेची माणसे एका ठिकाणी असणे, एवढेच पुरेसे असते तर दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता जगातली सर्वांत समृद्ध संस्कृती नांदायला हवी होती. माझी कसोटी थोडी घरगुती आहे. या शहरात कोण कोणाच्या हातचे खाते, हे मी पाहते. आपल्याकडे माणसामाणसांतले अंतर शतकानुशतके याच मापाने मोजले गेले आहे, त्यामुळे ते कमी झाले की नाही, हेही त्याच मापाने कळावे.

पाव तर या मापाचा अगदी टोकाचा नमुना. तो पोर्तुगिजांबरोबर आला, त्याचे नावही त्यांचेच, आणि आपल्याकडे त्याची पहिली ख्याती खाद्यपदार्थ म्हणून नव्हे तर बाटवण्याचे साधन म्हणून झाली. वसईकडे विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा लहानपणी आम्ही ऐकल्या आहेत. त्या खऱ्या किती, हा प्रश्न वेगळा. पण पाण्यात पडलेला पाव नकळत पोटात गेला तरी माणूस आपल्या जातीत राहत नाही, ही भीती मात्र खरी होती. गोव्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी हा धंदा उचलला, नारळाच्या माडीने पीठ आंबवले आणि पुढे त्यांच्यातलेच पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, मुंबईत येऊन भट्ट्या पेटवू लागले.

म्हणूनच १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली, तेव्हा दीक्षेसाठी त्यांनी निवडलेली गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. जातिभेद मानणार नाही, अशी नुसती शपथ त्यांना पुरेशी वाटली नाही. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. शिकलेसवरलेले तरुण चोरून जमत आणि पावाचा तुकडा तोंडात घालत, तेव्हा त्यांच्या हाताला नक्कीच कंप सुटत असणार. सभा गुप्त होती. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेल्यावर अनेकांची पाचावर धारण बसली आणि सभा मोडली. त्या तरुणांना ज्या तुकड्यासाठी दारे लावून घ्यावी लागत होती, तो आज आमच्या कडीला उघड्यावर लटकतो.

मधल्या काळात समाज सुधारला म्हणून हे घडले, असे म्हणायला मला आवडले असते, पण मला तसे वाटत नाही. हे भुकेने घडवले. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला आणि त्यानंतर कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेकडून माणसांचा लोंढा सुरू झाला. १९२१च्या जनगणनेत मुंबईतली ८४ टक्के माणसे शहराबाहेर जन्मलेली होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या फक्त ५२५. या दोन आकड्यांचा एकत्र अर्थ असा, की हे शहर चूल नसलेल्या पुरुषांचे होते. बायका गावी शेतात, आणि हे पुरुष गाळ्यांत, एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीप्रमाणे झोपणारे. धोबीतलावच्या गोवेकर खलाशांनी गावागावांच्या कुडी, म्हणजे एका गावच्या लोकांनी एकत्र राहण्याच्या जागा, काढल्या, त्याही याच गरजेतून.

माझे आजोबा देवरुखकडून आले ते अशाच एका गाळ्यात. दोन वेळचे जेवण खानावळवाल्या बाईकडे असे, पण पहाटपाळीला जाताना आणि रात्रपाळीहून परतताना त्या बाईची चूल पेटलेली नसे; पेटलेली असे ती नाक्यावरच्या इराण्याची भट्टी. यझ्द आणि केरमानकडून आलेली ही माणसे स्वतःच परकी होती, त्यामुळे समोर बसलेल्याची जात विचारण्याची त्यांना गरजही नव्हती आणि बहुधा समजही नव्हती. गल्ल्यावर पैसे टाकणारा कोणीही संगमरवरी मेजाशी बसू शके. आजोबा पहिल्यांदा तिथे ब्रूनमस्का आणि चहा घेऊन उठले, तेव्हा त्यांना कोणतेही बंड केल्यासारखे वाटले नव्हते; झोप येत होती आणि पोट भरले होते, एवढेच त्यांनी सांगितले. गावी मात्र पणजी त्यांना आधी पडवीत बसवून अंगावर गोमूत्र शिंपडत असे आणि मगच स्वयंपाकघराकडे येऊ देत असे. आजोबा निमूटपणे शिंपडून घेत, आणि मग ट्रंकेतून पोरांसाठी आणलेली इराण्याची खारी हळूच बाहेर काढत.

या चित्रात एक काळा चौकोन आहे आणि तो झाकून पुढे जाणे बरे नव्हे. गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार अधिक होता, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत, कारण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि त्याच धोट्याला दुसऱ्याचे तोंड लागणार, हे सवर्ण विणकरांना चालत नसे. डॉ. आंबेडकरांना हा प्रश्न १९२८च्या संपाच्या वेळी उघडपणे मांडावा लागला. म्हणजे जे लोक पहाटे पारशी-इराणी भट्टीवरचा पाव खाऊन गिरणीत शिरत, तेच सात वाजता शेजाऱ्याच्या थुंकीचा विटाळ मानत. आजोबांना मी याबद्दल कधी विचारले नाही. विचारण्याइतकी मोठी झाले तेव्हा ते नव्हते.

आणि शहराच्या रंगात जसा खाणाऱ्यांचा वाटा आहे, तसा न खाणाऱ्यांचाही आहे. इराण्याकडे पाऊल न टाकणारी, सोवळेओवळे सांभाळणारी कारकून मंडळी होतीच, त्यांच्यासाठी दक्षिण कानड्यातून आलेल्या ब्राह्मण आचाऱ्यांची उडपी हॉटेले उभी राहिली. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली काढलेले बोर्डिंग आजही केळीच्या पानावर वाढते. म्हणजे इडली मुंबईकरांच्या तोंडात गेली ती काही अंशी या न खाणाऱ्यांच्या हट्टापायी. पुढे याच उडप्याच्या तव्यावर पावभाजी परतली जाऊ लागली, आणि जैन गिऱ्हाईक आल्यावर त्याने बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून तीही जमवली. ज्याला सगळ्यांना खाऊ घालायचे असते, त्याला तत्त्वापेक्षा तवा लवकर बदलावा लागतो.

या सगळ्यातला सर्वांत गमतीचा योगायोग १९६६ सालचा आहे. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगतात, ते याच साली. आणि भूमिपुत्रांचा हक्क मागणारी, उडपी हॉटेलांविरुद्ध आवाज उठवणारी शिवसेनाही याच साली स्थापन झाली. पुढे वडापावाची गाडी हा मराठी तरुणाचा धंदा ठरला आणि वडापाव मराठीपणाची खूण. त्यातला पाव पोर्तुगिजांचा, बटाटा हा शब्द आणि ते कंदही त्यांच्याच जहाजांतून आलेले. आपले म्हणावे असे लसणाची चटणी आणि दादर स्टेशन. मला यात कुचेष्टा करण्यासारखे काही दिसत नाही. तीन-चारशे वर्षे आपल्या तोंडात राहिलेली गोष्ट आपलीच असते, आणि ज्याने ती आणली त्याचे उपकारही त्यामुळे फिटत नाहीत.

अलीकडे मात्र माझ्या कसोटीची दुसरी बाजू अधिक टोचते. दोन वर्षांपूर्वी आमची भाची उपनगरात भाड्याने घर शोधत होती, तेव्हा दलालाने पगार विचारण्याआधी ‘तुम्ही काय खाता’ हे विचारले, आणि उत्तर ऐकून एका नव्या इमारतीचे नाव यादीतून खोडले. त्या इमारतीच्या फाटकावरही सकाळी पाववाला जातो, हे मी पाहिले आहे. परक्याच्या हातचा पाव आत घेणारे दार परक्याला आत घेतेच असे नाही, आणि खाल्ल्याने अंतर मिटते या माझ्या लाडक्या समजुतीला तिथे चांगलीच मुरड पडली.

आमचा पाववाला आझमगढकडचा आहे. २०२५ मध्ये महापालिकेने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा वीज वापरण्याचे आदेश दिले, तेव्हा महिनाभर तो रोज सकाळी त्याच चिंतेत बोलत असे. आता भट्टी गॅसवर आहे आणि त्याच्या मते पावाचा वास गेला. मला फरक कळत नाही, पण त्याच्यापुढे मी मान डोलावते. भट्टीच्या वरच्या माळ्यावर तो आणि त्याच्या गावचे नऊ जण राहतात आणि पाळीपाळीने झोपतात. मागच्या आठवड्यात सुटे पैसे शोधता शोधता मी त्याला विचारले की तुम्ही सकाळी पाव कशाबरोबर खाता. तो हसला.

“दीदी, पाव से पेट नहीं भरता,” तो म्हणाला. “हम लोगों का एक आदमी है ना, वो सबकी रोटी बनाता है.”

आणि सायकलची घंटी दोनदा वाजवून तो शेजारच्या फाटकाकडे वळला.