बांगड्याची जीभ शोधताना

झालं असं की पोरीच्या वर्कशीटमध्ये चूक की बरोबर लिहायचं होतं आणि त्यात एक वाक्य होतं, ‘माशाला जीभ नसते’. तिसरीत आहे ती. मला विचारलं तर मला सांगता येईना. मी मालवणकडचा माणूस, कळायला लागल्यापासून मासे खातोय, डोकी तर चोखून चोखून खातो, पण जीभ लागल्याचं काही आठवेना. म्हटलं थांब, उद्या रविवारच आहे, बघूनच सांगतो.

बाजारात नेहमीच्या मावशींना म्हटलं चार बांगडे द्या, पण एकाला हात लावू नका, कल्ले पण तसेच ठेवा. त्या म्हणाल्या, "कल्ले ठेवलेस तर कडू लागंल रे दादा." म्हटलं तो खायचा नाहीये, मुलीला माशाची जीभ दाखवायचीय. झालं, बाजूच्या दोघींना पण ऐकवलं त्यांनी, आणि मी पिशवी घेऊन गुपचूप सटकलो.

घरी ओट्यावर पेपर पसरला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि बायकोचा भुवयांचा चिमटा घेतला (हे नंतर महागात पडलं). बांगड्याचा खालचा जबडा ओढला की तोंड चांगलं मोठं उघडतं. आत खाली मधोमध फिकट, टोकदार अशी एक पट्टी. पोरगी ओरडली, जीभ जीभ! मलाही वाटलं संपलं काम. पण चिमट्याने धरून ओढली तर हलेचना. बोट लावून बघितलं तर वरती पातळ कातडी आणि खाली एकदम कडक. मग वाचल्यावर कळलं की ते हाडच असतं, बेसिहायल म्हणतात त्याला, आणि आपल्या जिभेसारखे स्वतःचे स्नायू त्यात नसतात, त्यामुळे बाहेर काढणं नाही, चाटणं नाही, घास फिरवणं नाही. नुसती पडून असते तिथे. काही माशांना तर जिभेवर दात असतात, लोक वास्तूसाठी घरात अरोवाना पाळतात ना, त्याला असतात.

पण बांगड्याच्या तोंडात मला जिभेपेक्षा मागचं जास्त आवडलं. कल्ल्यांच्या आतल्या बाजूने लांब लांब पिसांसारखे झुबके, तोंड उघडलं की समोरूनच दिसतात. बांगडा तोंड वासून पोहतो, पाणी कल्ल्यांतून बाहेर जातं आणि बारीक जीव ह्या चाळणीत अडकतात. इतकी वर्षं मावशी तेच उपटून फेकतात आणि मी कधी बघितलंच नव्हतं.

आता पोरीचा पुढचा प्रश्न, जीभ हलतच नाही तर मग गिळतो कसा? शेजाऱ्यांकडे गोल्डफिशची टाकी आहे, तिथे जाऊन स्लो मोशनमध्ये शूट केलं. साध्या डोळ्याला फक्त एक ‘पचक’ दिसतं. व्हिडिओत दिसलं की तोंड पुढे येतं, त्याच वेळी घसा खाली जातो, गालाची झाकणं घट्ट मिटलेली, म्हणजे आत एकदम जागा होते आणि पाण्याबरोबर दाणा आत ओढला जातो, मग तोंड मिटतं आणि झाकणं उघडून पाणी मागून बाहेर. म्हणजे घास सरकवायचं काम पाणीच करतं, जीभ कशाला लागतेय! ती ‘जीभ’ आणि तिच्या आजूबाजूची हाडं खाली ओढली जातात म्हणूनच तर जागा होते. गंमत म्हणजे गोल्डफिश तोंडभर खडी उचलायचा, थोडा वेळ चघळल्यासारखं करायचा आणि खडी थुंकून खाणं तेवढं ठेवायचा. ह्या जातीत टाळूला मांसल गादी असते, चव ओळखणारी, ती खाणं दाबून धरते आणि कचरा सोडते.

रोहू पण त्याच खानदानातला, आणि त्याच्या जबड्यात एकही दात नसतो, दात असतात घशात. हे वाचल्यावर गप्प बसवेना. रोहूचं डोकं आणलं आणि हाडं सुटी होतील म्हणून कुकरला लावलं, दोन शिट्ट्या. नको होतं करायला. सगळा लगदा झाला, कुठलं हाड कुठलं काही कळेना आणि कुकरच्या रिंगला असा वास बसला की दोन दिवस वरणभाताला रोहू. घरात जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या डोक्यावर नुसतं उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं ठेवलं आणि कल्ल्यांच्या मागे बोट घातलं. दोन वाकडी हाडं निघाली, दोन्हींवर दातांच्या तीन तीन ओळी, वरून घासून सपाट झालेल्या, अगदी छोट्या दाढा. हे दात वर कवटीच्या तळाच्या कडक गादीवर दाबून तो खाणं भरडतो. पोरीने धुऊन कंपासपेटीत ठेवलेत, मुंग्या लागल्या तरी फेकू देत नाही.

वर्कशीटमध्ये तिने खूण केलीच नाही, बाजूला लिहिलं ‘असते पण हलत नाही’. बाईंनी त्यावर प्रश्नचिन्ह काढून पाठवलं.

पुढच्या रविवारी मावशींनी लांबूनच हाक मारली, "मिळाली का जीभ?" आणि एक हलवा पुढे करून त्याचं तोंड उघडलं. आत शेंगदाण्याएवढा पांढुरका किडा, पाय रोवून बसलेला. म्हणे कधी कधी असतो, आम्ही काढून टाकतो. ह्यांचा एक भाऊबंद मेक्सिकोच्या किनाऱ्याला असतो, तो माशाच्या जिभेचं रक्त पितो, जीभ वाळून जाते आणि मग हाच जिभेच्या जागी बसून राहतो. पोरीला हे तिथेच सांगितलं ही माझी चूक. हलवा राहिला, पापलेट घ्यावं लागलं, त्या भावात.