फिल्टर हातानेच आवळा हो!

गाडीचं इंजिन ऑइल घरीच बदललं. जुनं काढायला वीस मिनिटं लागली, नवं ओतायला पाच. मधले दोन तास एकट्या ऑइल फिल्टरने खाल्ले.

मागच्या सर्व्हिसिंगला ज्याने कुणी तो बसवला, त्याला बहुधा तो पुन्हा काढायचा असतो हेच ठाऊक नसावं. गाडीखाली उताणं पडून मी फडकं गुंडाळून जोर लावला. ढिम्म. पॉलिश पेपर लावला, तर तळवा सोलला. मग वरून, बॉनेटमधून हात घातला आणि पाचेक मिनिटं झटल्यावर लक्षात आलं की, वरून सगळं उलटं असतं. मी त्याला आणखी आवळत होतो!

शेवटी तो प्रसिद्ध ऐकीव उपाय: फिल्टरमध्ये स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि त्याचा दांडा करून फिरवायचं. ठोकला. पत्रा टर्रकन फाटला, आतलं काळं ऑइल मनगटावरून थेट कोपरापर्यंत आलं आणि फिल्टर तिथल्या तिथे. आता गाडी सुरू करून गॅरेजला न्यायचीही सोय उरली नाही. हा उपाय करू नका. पट्ट्याचा पाना आधीच आणून ठेवा. मी तो नंतर चालत जाऊन आणला. पट्टा फिल्टरच्या बुडाशी, जिथे पत्रा शाबूत होता तिथे अडकवला, आणि एका हिसक्यात 'कट' आवाज आला. इतका गोड आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

फिल्टर निघाला, पण त्याची रबरी रिंग गायब. बोटाने चाचपली तर ती इंजिनलाच चिकटलेली. तिच्यावरच नवा बसवला असता तर दोन रिंगांच्या फटीतून ऑइल उडालं असतं. नव्याच्या रिंगला ऑइलचं बोट फिरवलं, ती टेकल्यावर फिल्टरवर छापल्याप्रमाणे पाऊण फेरा, तोही नुसत्या हाताने.

हो, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, खाली स्टँड लावाच. इंजिन कोमट असेल तर ऑइल भराभर उतरतं. तापलेलं असेल तर हात भाजतो. ड्रेन बोल्टचा, म्हणजे ज्यातून जुनं ऑइल काढतात त्या खालच्या बोल्टचा, वायसर नवा घाला. जुनं ऑइल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

इंजिन सुरू केलं, ऑइलचा लाल दिवा विझला. बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहिली, बरोबर. रात्रभर खाली पुठ्ठा ठेवला होता, सकाळी कोरडा. फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहिलेत, त्याखाली ठळक: 'हाताने आवळलाय.'