शिरोरेषेचे पैसे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या छापखान्यात लग्नाचं काम घेऊन येणारी मराठी माणसं बहुधा दोन मजकूर आणतात, एक गुजराती कंकोत्रीचा आणि एक मराठी पत्रिकेचा. कागद तोच, शाई तीच, ओळीही जवळपास तेवढ्याच. दर ऐकला की मात्र चेहरा उतरतो. "काकू, आपण मराठी, आणि मराठीलाच जास्त पैसे?" गेल्या महिन्यात एका नवऱ्या मुलाच्या आईनं हे इतक्या कळकळीनं विचारलं, की मी तिला खिळ्यांच्या केससमोर, म्हणजे खणाखणांच्या पेटीसमोर, उभं केलं आणि तिथेच उत्तर दिलं.

गुजरातीला शिरोरेषा नाही. सगळा फरक इथून सुरू होतो.

खिळा म्हणजे छापायच्या एकेका अक्षराचा शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा ओतीव तुकडा, उंची ०.९१८ इंच. शिसं मऊ असतं, अँटिमनीनं त्याला कठीणपणा येतो, तरी वर्षानुवर्षं दाब खाऊन कोपरे झिजतातच. गुजरातीत अक्षरं सुटी उभी असल्यामुळे कोपरा झिजला तरी नजरेत भरत नाही. मराठीत शिरोरेषा खिळ्याच्या अगदी कडेपर्यंत जाते आणि शेजारच्या खिळ्याच्या रेषेला भिडते. तिथे केसभर जरी झीज झाली तरी कागदावर रेषा तुटते. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही पत्रिकेची पहिलीच ओळ घ्या. 'श्रीकृपेकरून'मध्ये सहा अक्षरं, पाच सांधे. त्यातल्या 'रू'चा खिळा स्वतंत्रच लागतो, र खाली नेहमीचा ऊकार लावून चालत नाही.

जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तिथे छापलेली एक संस्कृत पोथी आमच्या देवघरात आहे. कामाला नवीन मुलगा आला की मामंजी हात धुऊन ती उघडायचे आणि म्हणायचे, "ही रेषा बघ, कुठे सांधा दिसतो का?" मीही त्यांच्याकडून तशीच शिकले. त्यामुळे तुटकी रेषा मला चालवून घेता येत नाही.

पत्रिकेतल्या मधोमध येणाऱ्या ओळी सोप्या. दोन्ही बाजूंना क्वाड, म्हणजे जागा भरायचे कोरे तुकडे, भरले की झालं. निमंत्रणाच्या परिच्छेदाच्या मात्र दोन्ही कडा सरळ हव्यात. गुजरातीत ओळ जराशी कमी पडली तर अक्षरांमध्ये बारीक स्पेस सरकवून निभावता येतं. मराठीत शब्दाच्या आत काही घातलं की शिरोरेषा फाटलीच. जागा वाढवायची ती फक्त दोन शब्दांच्या मध्ये. तेवढ्यानं भागलं नाही तर शब्द खाली उतरवायचा आणि पुढच्या सगळ्या ओळी पुन्हा जुळवायच्या.

आणि ळ! राजघराणं मराठी असलं तरी गावाची भाषा गुजराती, छापखान्याचं रोजचं पोट गुजराती बिलबुकांवर आणि हँडबिलांवर. म्हणून आमच्याकडे मराठी वळणाचे खिळे मुळातच कमी. हिंदी वळणाचे आहेत, पण त्यांचा ल आणि श निराळा, आणि त्यांत ळ नाहीच. लग्नपत्रिकेला तर ळ किती लागतात पाहा: स्थळ, वेळ, सकाळी, मंगळवार. त्या आईच्या मजकुरात नऊ होते, आणि आमच्या १६ पॉइंटच्या खणात धड निघाले सात. मजकूर बदला असं मी कुणाला सांगत नाही. आधी उजवं पान जुळवून छापलं, खिळे धुतले, एकेक करून खणांत परत टाकले, मग तेच ळ उचलून डावं पान जुळवलं. एक अख्खा दिवस वाढला.

ट्रेडलवर, म्हणजे छपाईच्या यंत्रावर, पहिला छाप काढल्यावर खरं काम सुरू होतं. जिथे रेषा फिकी उठते तिथे कागदामागच्या पॅकिंगवर टिश्यूचा कपटा चिकटवायचा, पुन्हा छाप घ्यायचा. खिळाच गेला असेल तर चेस, म्हणजे जुळणी आवळून धरणारी लोखंडी चौकट, सोडून तो बदलायचा. हल्ली पुष्कळ जण सांगतात, ठसा खोल उठवा, बोटाला लागला पाहिजे. मामंजींच्या हाताखाली कागदाच्या मागे ठसा उमटला तर तो ताव बाद व्हायचा. एवढ्या दाबानं खिळा लवकर चेपला जातो. मी जुन्या खिळ्यांवर तो दाब देत नाही. हवाच असेल तर अख्ख्या मजकुराचा एकसंध ब्लॉक करून घ्या म्हणते.

पत्रिका न्यायला ती आली तेव्हा मी हिशेब पुढे ठेवला. गुजरातीला जुळणीचे तीन तास, मराठीला सात. तिनं पैसे दिले आणि मराठी पत्रिका भिंगाखाली धरून पहिली ओळ सावकाश पाहिली. 'क' आणि 'रू' यांच्यामधला एक सांधा जरासा उघडा राहिला होता. तिला तो दिसला नाही, मी बोट ठेवून दाखवला. तेवढ्या फरकाचे पैसे परत देऊ केले, तिनं घेतले नाहीत. तो 'क' मी त्याच संध्याकाळी खणातून काढून भंगाराच्या डब्यात टाकला.