आमची वाटचाल: ओल्या कार्पेटचा कोपरा उचलताना

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा धाकटा भाऊ. एक शाम्पू मशीन, एक पाणी ओढणारा व्हॅक्युम, आणि घरोघरी जाऊन सोफे, गाद्या, कार्पेट धुऊन द्यायचं काम. पाणी शिरलेल्या घरांची कामं घ्यायची असं आम्ही कधी ठरवलं नव्हतं. एका जुन्या ग्राहक ताईंचा रात्री फोन आला. वॉशिंग मशीनला नळाकडून येणारा पाइप निसटला होता, घरात कुणी नव्हतं, आणि हॉलमधलं भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट चिंब झालं होतं. "तुम्ही कार्पेट धुता, म्हणजे सुकवतही असाल ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

रात्रभर पाणी ओढलं, पंखे लावले. दुसऱ्या संध्याकाळी कार्पेटवरून हात फिरवला तर कोरडं लागलं. ताई खूश झाल्या, आम्ही पैसे घेऊन निघालो. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला की हॉलमध्ये कुबट वास येतोय. जाऊन कोपरा उचलला. कार्पेटखालचा फोम दाबला तसं बोटांमधून पाणी आलं, आणि कार्पेटच्या पाठीवर काळे ठिपके पसरले होते. ते कार्पेट गेलं. घेतलेले पैसे आम्ही परत केले, नव्या कार्पेटच्या खर्चातला वाटाही उचलला. महिन्याची कमाई त्यात गेली, पण त्याहून जास्त लागलं ते ताईंचं शांतपणे "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल" असं म्हणणं.

त्यानंतर आम्ही टाकून दिलेल्या कार्पेटचा एक तुकडा आणून थर थर सोलून पाहिला. वर दिसतात ते धागे. ते ज्यात ओवलेले असतात ती पहिली पाठ. तिच्यामागे लॅटेक्सचा चीक, आणि त्या चिकाने धरून ठेवलेली दुसरी पाठ. त्याखाली फोम, आणि मग जमीन. नायलॉन किंवा पॉलिस्टरचे धागे स्वतः फारसं पाणी पीत नाहीत, म्हणून वरून लवकर कोरडे लागतात. पाणी असतं फोममध्ये आणि जमिनीत. कार्पेट फार वेळ ओलं राहिलं की लॅटेक्सची पकड सैल होते आणि दोन पाठी एकमेकींपासून सुटतात. मग कार्पेटला फुगे येतात, आणि ते पुन्हा ताणून बसवून उपयोग नसतो. त्या दिवसापासून फोम वाचवायचा प्रयत्न आम्ही जवळजवळ सोडला. कार्पेट कडेने सोडवून उचलायचं, फोम कापून बाहेर काढायचा, जमीन सुकवायची, आणि नवा फोम घालून तेच कार्पेट पुन्हा ताणायचं. फोम स्वस्त असतो, कार्पेट नसतं.

पुढचा मोठा धडा पाण्याचा होता. या कामासाठी आयआयसीआरसी या, साफसफाई आणि पाण्याने खराब झालेल्या घरांच्या कामाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एस ५०० नावाचं मानक आहे, १९९४ साली पहिल्यांदा निघालेलं. त्यातली पाण्याची वर्गवारी समजून घेतली तेव्हा आमचा धंदाच बदलला. पहिल्या वर्गात नळाचं स्वच्छ पाणी. दुसऱ्यात वॉशिंग मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यासारखं मळकं पाणी. तिसऱ्यात ड्रेनेज उलटून आलेलं किंवा नदी-ओढ्याच्या पुराचं पाणी. आणि स्वच्छ पाणी स्वच्छ राहत नाही. कार्पेटमधली धूळ, घाण खात ते दिवसागणिक खालच्या वर्गात घसरतं. बुरशीला तर ओल मिळाल्यापासून २४ ते ४८ तास पुरतात. म्हणून आता फोन आला की "किती भिजलंय?" हा प्रश्न आम्ही नंतर विचारतो. आधी विचारतो, पाणी कुठलं आणि कधीपासून.

तिसऱ्या वर्गाच्या पाण्यात भिजलेलं कार्पेट आम्ही वाचवत नाही. फोमसकट कापून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाहेर. यावरून भावाचा आणि माझा बरेच दिवस वाद चालला. त्याचं म्हणणं, लोक पैसे द्यायला तयार आहेत, जंतुनाशक मारून देऊ, नाहीतर दुसरं कुणी देईल. दुसऱ्यांनी दिलंही, आमची कामं गेली. पण जंतुनाशक फोमच्या पोटात आणि पाठीच्या दोन थरांमध्ये नीट पोहोचतच नाही, आणि त्याच कार्पेटवर घरातलं मूल रांगणार असतं. शेवटी एका घरी ड्रेनेजचं पाणी शिरलेल्या खोलीत भाऊ स्वतः फोम कापायला बसला. बाहेर येऊन हातमोजे काढता काढता म्हणाला, "दादा, हे पुन्हा कुणाच्या घरात घालायचं नाही." वाद तिथे मिटला.

दुसरी गाडी घ्यायची की डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारी यंत्रं, हा प्रश्न आम्हाला पहिल्या काही वर्षांत पडला होता. आम्ही डिह्युमिडिफायर घेतले आणि जुन्या गाडीवरच भागवलं. पंखा ओल काढत नाही, ती कार्पेटमधून हवेत नेतो. खोली बंद असेल तर तीच ओल भिंतीत, कपाटात, पुस्तकांत जाऊन बसते. बाहेरची हवा दमट असेल तेव्हा खिडक्या उघडूनही फायदा नाही, उलट ओल आत येते. डिह्युमिडिफायर ती हवेतून ओढून बादलीत जमा करतो. दर सकाळी ती बादली ओतताना घरातल्यांना पहिल्यांदा पटतं की कार्पेटमध्ये खरंच एवढं पाणी होतं. तरीही सगळ्यात जास्त पाणी पहिल्या तासांत व्हॅक्युमनेच निघायला हवं. ओढून निघणारं पाणी पंख्यावर सोडलं तर काम कित्येक दिवस लांबतं. हाताच्या स्पर्शावर तर आम्ही आता विसंबतच नाही. ओलावा मोजायचं मीटर घेऊन आधी घरातला कोरडा भाग मोजतो, आणि ओला भाग त्या आकड्याला येईपर्यंत यंत्रं हलवत नाही.

हाताने विणलेल्या लोकरी गालिच्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यांनी आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागू शकते. ताणा, म्हणजे विणीतले उभे धागे, बहुतेक वेळा सुती असतो, तो ओला राहिला की आतून कुजतो आणि गालिचा दुमडताना कटकन आवाज होतो. लाल आणि निळा रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. एका आजींकडे त्यांच्या आईचा गालिचा होता. छत गळून तो भिजला, आणि घरच्यांनी मायेने तो कठड्यावर वाळत घातला. पाण्याच्या वजनाने मधोमध ताण आला आणि लाल रंग ओघळून खाली गेला. आम्ही तो सपाट केला, साध्या थंड पाण्याने पुन्हा पुन्हा खंगाळला, पाणी ओढलं, दोन्ही बाजूंनी हवा खेळवली. बराचसा रंग निघाला, एका कोपऱ्यातली गुलाबी झाक राहिली. आजींनी ती झाक बोटाने चाचपली आणि गालिचा पूर्वीच्याच जागी घालायला सांगितला.

असं पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही पोहोचायच्या आधीचं काम माझ्या पत्नीने हातात घेतलं. फोन ती उचलते. पहिलं वाक्य ठरलेलं: पाण्यात पाय ठेवण्याआधी वीज बंद, आणि मेन स्विच पाण्यातच असेल तर हात न लावता इलेक्ट्रिशियनला बोलवा. मग लाकडी फर्निचरच्या पायांखाली फॉइल किंवा प्लॅस्टिक सरकवायला सांगते, नाहीतर लाकडाचा तपकिरी डाग कार्पेटवर कायमचा बसतो. सुटे गालिचे उचलून सपाट पसरवायचे. घरचा साधा व्हॅक्युम क्लीनर पाण्यात चालवायचा नाही. ब्लीच ओतायचं नाही. लोकर त्यात अक्षरशः विरघळते. आणि काहीही फेकण्याआधी फोटो काढायचे, कार्पेटचा एक तुकडा बाजूला ठेवायचा, विमा असेल तर दोन्ही लागतात. घाबरलेल्या माणसाला एवढं सगळं एका दमात झेपत नाही, म्हणून ती एकेक गोष्ट सांगते, ती होईपर्यंत फोनवर थांबते, मग पुढची. आमच्या कामातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आज आम्ही सात जण आहोत. शाम्पू मशीन अजून चालतं, पण वर्षाचं बरंचसं काम आता पाण्याचंच असतं. काम संपल्यावर रोजच्या मोजमापांचा कागद आम्ही ग्राहकाच्या हातात देतो. आणि बोलावणं असो वा नसो, आठव्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी त्या घरी जातं, एक कोपरा उचलतं, मीटर लावतं, आणि गुडघ्यावर बसून खाली नाक नेऊन वास घेतं.