तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी त्याला चिठ्ठी देते

"एवढा हुशार मुलगा, मग दुकानात जाताना हातात चिठ्ठी कशाला? अशानं कायम पांगळा राहील." नणंद विचारते, बाई विचारतात, समोरच्या वहिनी तर दर आठवड्याला. म्हणून एकदाच सांगते.

त्याचे कान चांगले आहेत. इथंच, सोलापुरात तपासले. बारीकातली बारीक शिट्टी त्यानं पकडली, डॉक्टर हसून म्हणाले, "याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं." येतंच. पण त्या खोलीत शांतता होती, आणि शिट्टीला काही अर्थ नसतो. पंखा, रिक्षा, शेजारचा यंत्रमाग यांच्यातून शब्द वेगळे काढायचे आणि क्रमानं धरून ठेवायचे, हे काम मेंदूचं. तिथं त्याचं अडतं. याला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणतात. हे कळायला हुतात्मा एक्स्प्रेसनं पुणं गाठावं लागलं, तो आठ वर्षांचा असताना. दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे शब्द सोडतात, दोन्ही म्हणून दाखवायचे. त्याला बहुतेक वेळा एकच सांगता यायचा. मी काचेपलीकडे बसले होते. "एका कानानं ऐकतोस, दुसऱ्यानं सोडतोस," हे मी त्याला रोज म्हणत आले होते.

त्याच्या आदल्या वर्षीचं, गड्ड्यावरचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतलं, मी कुणाला सांगितलेलं नाही.

होम मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. पाळण्याच्या तिकिटांना रांग. मी त्याला म्हटलं, "त्या खेळण्यांच्या दुकानापाशी थांब, पाळण्याकडे जाऊ नको, मी हाक मारली की ये." त्यानं मान हलवली. तो नेहमीच हलवतो. त्याचा अर्थ 'कळलं' असा नसतो, 'तुझं बोलून झालं ना' एवढाच असतो. हे मला आत्ता कळतं. तिकिटं घेऊन आले तर तो नाही. दुकानदाराला विचारलं, त्यानं हात झटकले. पोलिसांच्या मंडपात गेले. कर्ण्यावरून त्याचं नाव, लाल स्वेटर, वय सात, पुन्हा नाव. अर्धा तास. मी आणि जाऊबाई दोन दिशांना पळत होतो आणि डोक्यावर सगळीकडे माझ्याच मुलाचं नाव घुमत होतं.

सापडला तो पाळण्याच्या मागे, कर्णा बांधलेल्या खांबाखालीच. पाळण्याला डबे किती ते मोजत होता. मी दोन थोबाडीत दिल्या. "वर तुझंच नाव ओरडतायत, बहिरा आहेस का?" तो रडला नाही. म्हणाला, "कुणीतरी हरवलंय एवढं कळलं मला. सापडलं का ते?"

घाबरून हात उठला, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर लोक बघत होते म्हणून उठला.

मग सल्ले. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, म्हणून पोर गोंधळतं म्हणे. मी ऐकलं, घरातली तेलुगू बंद केली. वर्षभर त्याची नानम्मा, म्हणजे आजी, नातवाशी मोडक्या मराठीत दोन शब्द बोलून गप्प बसायची. फरक शून्य. हा दोष भाषांचा नव्हताच. शाळेला कागद हवा असतो, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत याचं वेगळं नावच नाही. वर्गात मार्चपासून पंखे घरघरतात, तेव्हा "पान 42 काढा, तिसरं गणित सोडवा, वह्या मागून पुढे द्या" यातलं पान तेवढं तो काढतो. तेच फळ्यावर लिहिलं तर सगळ्यांच्या आधी उठतो.

माझे सासरे मागावर होते. त्या खडखडाटात तोंडी कोण कुणाला काय सांगणार? हातवाऱ्यांवर पाळ्याच्या पाळ्या निघाल्या. त्यांना कुणी पांगळं म्हटलं नाही.

हे मी तावातावानं सांगते खरी, पण रात्री मलाही वाटतं, चिठ्ठी त्याच्या सोयीची की माझ्या? लिहून दिलं की माझा आवाज चढत नाही, हेही आहेच.

आता तो अकराचा आहे. परवा मित्र दारात होते, त्यानं चिठ्ठी घेतली नाही. "तोंडी सांग. पंखा बंद कर आधी." मी पंखा बंद केला, त्याच्याकडे बघून सावकाश तीन कामं सांगितली: कडक भाकरी, शेंगा चटणी, येताना गिरणीतलं दळण. त्यानं मान हलवली.

भाकरी आली, चटणी आली. दळण संध्याकाळी मीच जाऊन आणलं. त्याला बोलले नाही.