पुणे ते गुहागर इलेक्ट्रिक गाडीने: कुंभार्ली घाट, पंपाचं सॉकेट आणि युनिटांचा हिशेब

नवी इलेक्ट्रिक गाडी दारात आली की नातेवाईक पहिल्याच भेटीत विचारतात, "कोकणात नेता येईल का?" येते. मे महिन्याच्या सुरुवातीला आम्ही पुण्याहून सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण असं करत गुहागरला जाऊन आलो. सोबत सासूबाई, मुलगी आणि डिकी भरून सामान. गाडी नेक्सॉन ईव्ही, ४५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीची. किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइटबिलावरचं युनिट. तेव्हा ही ४५ युनिटांची टाकी समजा आणि सगळा हिशेब युनिटांत करा. नव्याने गाडी घेतलेल्यांना माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे. टक्के आणि किलोमीटर पाहून जीव वरखाली होतो. युनिटं मोजली की पुढचं चित्र स्पष्ट दिसतं.

कंपनीचा प्रमाणित आकडा ४८९ किलोमीटरचा आहे, पण तो ठरावीक चाचणीतला. समोरच्या पडद्यावर दिसणारी रेंज गाडी आपण नुकती कशी चालवली त्यावरून काढते. शहरात सावकाश फिरून निघालात तर ती फुगलेली दिसते आणि महामार्गावर भराभर खाली येते. ते बघून घाबरायचं कारण नाही. चार माणसं, एसी चालू आणि वेग ८० ते ९० असेल तर आमच्या गाडीला १०० किलोमीटरला १३ ते १४ युनिटं लागतात. १०० ते ११० ने गेलो की १६-१७. म्हणजे तीच बॅटरी एकदा सव्वातीनशेच्या पुढे नेते, एकदा जेमतेम २७०. फरक मुख्यतः हवेच्या विरोधाचा. वेग सव्वापट झाला की तो विरोध दीडपटीहून जास्त होतो. एसीची लोक उगाच धास्ती घेतात. मे महिन्यातसुद्धा तो तासाला युनिटभराच्या आसपास घेतो. घरातल्या वयस्कर माणसांना उकाड्यात बसवून चार किलोमीटर वाचवण्यात काही अर्थ नाही. एसी लावा, वेग आवरा.

आपल्या गाडीचा हा आकडा लांबच्या प्रवासाआधी काढून ठेवा. एका रविवारी सिंहगड पायथा किंवा पानशेतपर्यंत जाऊन या, आणि एकदा महामार्गावर शिरवळपर्यंत. त्याच फेरीत सार्वजनिक चार्जर एकदा वापरून बघा. ॲप उतरवणं, ओटीपी येणं, वॉलेटमध्ये पैसे भरणं ही कामं घरच्या वायफायवर पाच मिनिटांची असतात. उन्हात, भुकेलेलं मूल बाजूला असताना तीच अर्धा तास खातात. दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप असू द्या, प्रत्येकात थोडे पैसे ठेवा. शिवाय प्लगशेअर या चार्जर शोधायच्या ॲपवर त्या चार्जरबद्दल लोकांनी शेवटचं काय लिहिलंय आणि कधी, ते बघून निघा. "उपलब्ध" या हिरव्या ठिपक्यापेक्षा काल तिथे कोणाची गाडी चार्ज झाली ही माहिती जास्त भरवशाची.

आम्ही पहाटे घरून १०० टक्के करून निघालो. खेड-शिवापूर आणि आनेवाडीला टोल भरला. अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवरची इलेक्ट्रिक गाड्यांसाठीची राज्याची टोलमाफी या राष्ट्रीय महामार्गावर चालत नाही, तेव्हा फास्टॅगमध्ये पैसे असू द्या. खंबाटकी चढून साताऱ्याला पोचलो तेव्हा दोन-तृतीयांश बॅटरी शिल्लक होती. गुहागर घरापासून साधारण २८० किलोमीटर, म्हणजे ३८-३९ युनिटं. गणिताने न थांबताही पोचलो असतो. तरी थांबलो, कारण या मार्गावर मी एक नियम पाळते: महामार्ग सोडण्याआधी भरून घ्यायचं. उंब्रजला उजवीकडे वळलं की थेट चिपळूणपर्यंत भरवशाचे वेगवान चार्जर विरळ आहेत, आणि मधे आख्खा सह्याद्री आहे.

पहिल्या हॉटेलातला चार्जर ॲपमध्ये चालू दिसत होता, पण चार्जिंग सुरूच होईना. तिथल्या रखवालदाराने येऊन दोन गोष्टी दाखवल्या, त्या लिहून ठेवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे यंत्रावरचं लाल तातडीचं बटण कोणी दाबून ठेवलंय का ते आधी बघायचं. दाबलेलं असेल तर फिरवून सोडायचं. दुसरी म्हणजे गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत खोचायचा जाड प्लग, लावल्यावर तिला खालून हाताचा आधार द्यायचा. जाड केबलच्या वजनाने गन खाली ओढली जाते, कुलूप नीट बसत नाही आणि गाडी-चार्जरचं बोलणं मधेच तुटतं. लॉक पडल्याचा 'खट्' आवाज येईपर्यंत हात काढायचा नाही. तरीही ते यंत्र चाललं नाही. पण पुढच्या हॉटेलात हीच युक्ती कामी आली आणि पहिल्या झटक्यात चार्जिंग सुरू झालं. गाडीचं चार्जिंगचं तोंड मागच्या बाजूला आहे, म्हणून गाडी उलटी लावली की केबल ताणत नाही.

मिसळ आणि चहा होईपर्यंत नऊ-दहा युनिटं आत गेली. ८० टक्क्यांनंतर वेगवान चार्जर हळू होतो, तेव्हा शंभरचा हट्ट धरून मागच्या माणसाला ताटकळत ठेवू नये. आमच्या मागे एक टॅक्सीवाले दादा उभे होते. त्यांचा तर धंदा त्या चार्जरवर. मोबाइल नंबर लिहिलेला कागद काचेमागे ठेवून जेवायला गेलं तर कोणाचाच खोळंबा होत नाही.

उंब्रजपासून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. रस्ता कुठे काँक्रीटचा, कुठे खड्ड्यांचा, पण या वेगाला गाडी फार कमी खाते. पाटणनंतर कोयनेचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं आणि मग कुंभार्ली घाट सुरू होतो. इलेक्ट्रिक गाडी पहिल्यांदा घाट उतरताना जे वाटतं ते प्रत्येकाने अनुभवावं. स्टीअरिंगमागच्या पॅडलने रीजनरेशन (वेग रोखताना मोटारीने वीज बनवून बॅटरीत परत टाकणं) तिसऱ्या पातळीवर ठेवलं की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच गाडी स्वतःला धरून ठेवते. ब्रेकचा वापर वळणापुरता. जळक्या लायनरचा वास नाही, दुसऱ्या गिअरची घरघर नाही. सासूबाईंना घाटात नेहमी मळमळतं, या खेपेला त्या खिडकीतून दरी बघत आल्या. वेग एकसारखा राहतो, पुढेमागे हिसके बसत नाहीत, त्याचा हा परिणाम असावा असं मला वाटतं.

हिशेब असा. घाटमाथा ते पायथा उतार सुमारे ६०० मीटर. माणसं-सामानासकट १,८०० किलोची गाडी तेवढी वर चढवायला उंचीपुरतीच ३ युनिटं लागतात. उतरताना त्यातली काही चाकांच्या घर्षणात जातात, काही मोटारीच्या उष्णतेत, आणि दीडेक युनिट बॅटरीत परत येतं. पोफळीला पोचलो तेव्हा पडद्यावर तीन टक्के वाढलेले होते. १,९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प याच कड्याच्या उंचीवर उभा आहे. धरणाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळी-अलोऱ्याच्या बाजूला सोडतात आणि त्या पडण्यावर वीज होते. आपली गाडीही इथे तेच करते. फक्त घाटमाथ्यावर पोचताना बॅटरी काठोकाठ भरलेली नसावी. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, रीजनरेशन मंदावतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम करून सकाळी उतरणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. महाबळेश्वर, पाचगणी, आंबोली, कुठेही रात्री ९० टक्क्यांवरच थांबवा.

चिपळूणला निम्मी बॅटरी होती, गुहागरला पोचलो तेव्हा चाळिसाच्या आसपास.

आता सगळ्यात महत्त्वाचं: मुक्काम. कोकणात महामार्गावरच्या वेगवान चार्जरपेक्षा घरगुती राहण्याच्या जागेतलं साधं जाड तीन पिनचं सॉकेट जास्त मोलाचं आहे. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला ३ युनिटं धरली तरी दहा तासांच्या झोपेत ३० युनिटं भरतात. खोली ठरवताना फोनवरच विचारा: गाडी लावायच्या जागेपाशी १५ अँपिअरचं सॉकेट आहे का, अर्थिंग आहे का, रात्री दुसरं काय त्याच लाइनवर चालतं. आमच्या घरमालकांनी सांगितलं, "सॉकेट आहे की, विहिरीच्या पंपाचं. गाडी माडाखाली लावा, वायर पोचेल." माडाखाली मात्र लावू नका. नारळ आणि झावळ्या दोन्ही पडतात. शहाळी काढायची बाकी आहेत का ते विचारून जागा निवडा.

पहिल्या संध्याकाळी चार्जरच्या डबीवर लाल दिवा लागला. गाडीसोबत येणारी ही डबी अर्थिंग नीट नसेल तर वीज सोडत नाही. घरमालक काकांनी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज बघितला. तो पंधरा-वीसच्या घरात, जिथे दोन-तीन असायला हवा. मग तो घराच्या मागे गेला, पालापाचोळा बाजूला केला आणि अर्थिंगचा खड्डा दाखवला. मीठ-कोळसा घालून भरलेला, पण मे महिन्यात जांभा दगड आणि माती पार कोरडी पडलेली. दोन बादल्या पाणी हळूहळू ओतलं. खड्ड्याने ते शोषून घेतलं, तारेचा सैल नट त्याने आवळला आणि थोड्या वेळाने डबीवर हिरवा दिवा आला. काका म्हणाले, "वहिनी, म्हणजे पंपाला हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळेच होय?" यामुळेच. त्या घराला ही वीज कधीतरी बाधली असती. पाहुण्यांच्या गाडीने ते उघडं पाडलं याचं मला फार बरं वाटलं.

अर्थिंग नसलेल्या ठिकाणी चार्जरला फसवणारे प्लग काही लोक वापरतात, न्यूट्रलच अर्थिंगला जोडलेले. कृपा करून ते वापरू नका. न्यूट्रल कुठे तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज उतरते, आणि पत्र्याला पहिला हात बहुतेक वेळा लहान मुलाचा लागतो. लाल दिवा लागला तर दुसरं सॉकेट शोधा. बारीक वायरीचं एक्स्टेन्शनही नको. दहा तास पूर्ण भार घेतल्यावर ते वितळतं. सुरू केल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको.

संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू असतात, व्होल्टेज पडतो, चार्जिंगही रेंगाळतं. आम्ही रात्री अकरानंतर लावायचो आणि पंप सकाळी गाडी काढल्यावर चालायचा. एका रात्री लाइट गेली, आल्यावर चार्जिंग आपोआप पुन्हा सुरू झालं. सगळ्या गाड्यांचं तसं असेलच असं नाही, म्हणून आपल्या गाडीचं घरी मेन स्विच बंद-चालू करून आधीच तपासा.

पैशांचं आधी बोलून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर आणि मग ३०० नंतर दर वाढतो. आपण रात्रीत ३० युनिटं घेतली की घरमालकाची स्वतःची युनिटंही महागाच्या टप्प्यात ढकलली जातात. मीटरचा आकडा लावताना आणि काढताना दोघांनी मिळून बघावा आणि युनिटला पंधरा-वीस रुपये आनंदाने द्यावेत. घासाघीस केली तर पुढच्या इलेक्ट्रिक गाडीवाल्याला "सॉकेट नाही" असं उत्तर मिळेल.

रात्री भरलेल्या गाडीने दिवसभर हेदवीचा दशभुज गणेश, बामणघळ, वेळणेश्वर असं निवांत फिरता येतं. गावातल्या चढउतारांच्या अरुंद रस्त्यांवर ही गाडी फार गुणी आहे. गणपतीपुळ्याला जायचं असेल तर तवसाळ-जयगड फेरीबोटीने जा, चिपळूणवरून वळसा पडत नाही. बोटीवर गाडी बऱ्याचदा उलटी चढवावी किंवा उतरवावी लागते. क्लच नसल्याने त्या उतारावर मला जराही धाकधूक वाटली नाही.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी: बॅटरीचा डबा पाणबंद असतो, पावसात गाडी चालते आणि चार्जही होते, पण सॉकेट आणि डबी छपराखाली हवी. साचलेल्या पाण्यात मात्र गाडी घालू नये. चिपळूणने जुलै २०२१ मध्ये जे पाणी पाहिलं त्यापुढे कुठलीच गाडी टिकत नाही.

खर्च विचाराल तर ये-जा आणि तिथलं फिरणं मिळून सातशेएक किलोमीटर झाले. चार्जिंगमधली गळती धरून ११० युनिटांच्या आसपास. घरची वीज, काकांची वीज आणि वीस-पंचवीस रुपये युनिटचा सार्वजनिक चार्जर मिळून दोन हजारांच्या आत. पेट्रोलला १५ चं ॲव्हरेज धरलं तर पावणेपाच हजार सहज गेले असते.

परतीचं गणित वेगळं मांडा. कुंभार्ली चढायला आमची दहा टक्के बॅटरी गेली, बारा-तेरा किलोमीटरांत. गुहागरहून १०० टक्के करून निघालात तर उंब्रजला येईपर्यंत निम्म्याहून थोडी जास्त उरते. रविवारी संध्याकाळी साताऱ्यापुढच्या चार्जरवर पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, म्हणून सकाळी निघा. नाहीतर चिपळूणलाच जेवणाच्या वेळात ९५ च्या वर नेऊन ठेवा. मग वाटेत न थांबता ९० च्या वेगाने घरी पोचता.